पेन्शनच्या वादात मागे पडलेला खर्चाचा आकडा

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख महाराष्ट्रातल्या शिक्षकांना सेवापुस्तिकेतल्या नेमणुकीच्या तारखेइतकीच पाठ असते. त्या दिवशी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी राज्याने जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली आणि तिच्या जागी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आणली. शाळाशाळांत तिचे नाव ‘डीसीपीएस’ असेच रुळले. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेचे दहा टक्के शिक्षकाच्या पगारातून कापायचे, तितकेच सरकारने घालायचे आणि साठलेल्या पैशातून पुढे पेन्शन उभी राहायची, अशी ही रचना होती. नंतर हीच माणसे टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेली आणि सरकारचा वाटा १४ टक्के झाला.

शाळा एक, इयत्ता एक, पण पगारपत्रकावरची कपात वेगळी. अनुदानित शाळेत ऑक्टोबर २००५ मध्ये लागलेल्या सरांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि तिच्यावर महागाई वाढ. डिसेंबरमध्ये लागलेल्या बाईंना बाजार देईल ते. कापलेल्या पैशाचा हिशेब तरी वेळेवर हाती पडावा, तर तेही झाले नाही. कपातीच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे न मिळाल्याच्या तक्रारी अनेक जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी केल्या. मार्च २०२३ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा ऐन रंगात असताना ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरचे कर्मचारी आणि शिक्षक १४ तारखेपासून संपावर गेले. सात दिवसांनी संप मिटला, समिती बसली आणि मार्च २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी शेवटच्या पगाराच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ आणि ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन देणारी सुधारित योजना जाहीर केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्राने आपली एकीकृत पेन्शन योजना आणली.

या सगळ्या वादात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: निवृत्तीनंतर हातात किती येणार? त्याला चिकटून असलेला दुसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. तोपर्यंत वाटेत किती जाणार? आणि गंमत अशी, की ज्या योजनेवर शिक्षकांचा सर्वांत जास्त राग आहे, तिचा खर्च सर्वांत कमी आहे. उरलेल्या पगारातून जी बचत ते आपखुशीने, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर करतात, तीच बहुतेकदा सर्वांत महाग पडते.

खर्च दिसत का नाही

कोणताही फंड पैसे सांभाळण्याचे शुल्क घेतो. म्युच्युअल फंडात त्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात. ही रक्कम वेगळी मागितली जात नाही, तिची पावती येत नाही, खात्यातून ती वजा झाल्याची नोंद पासबुकात उमटत नाही. फंडाच्या एकूण मालमत्तेतून ती रोज थोडी थोडी कापली जाते आणि उरलेल्या रकमेवर युनिटचा भाव ठरतो. गिरणीवाला दर दळणामागे मूठभर पीठ ठेवून घेतो, तसे हे आहे. एका दळणात कळत नाही, पण इथे दळण तीस वर्षे चालते. शिवाय कापलेल्या पैशावर पुढे मिळाले असते ते व्याजही त्याच्यासोबत जाते.

हिशेब मांडून पाहू. एखादी शिक्षिका पस्तिसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत दरमहा ५,००० रुपये बाजूला टाकते. पंचवीस वर्षांत तिच्या खिशातून १५ लाख रुपये जातात. खर्च वजा होण्याआधी गुंतवणूक वर्षाला १० टक्के वाढते, असे केवळ हिशेबापुरते धरू. फंडाचा खर्च ०.२ टक्के असेल तर शेवटी सुमारे ६४ लाख रुपये जमतात. खर्च १.८ टक्के असेल तर सुमारे ४९ लाख. बाजार तोच, हप्ता तोच, धीरही तेवढाच. तरी फरक पडतो जवळपास १५ लाखांचा. म्हणजे बाईंनी पंचवीस वर्षे स्वतःच्या पगारातून जितके घातले, तितकेच पैसे खर्चातल्या १.६ टक्क्यांच्या फरकाने गेले.

दहा टक्के मिळतील की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. २००८ मध्ये सेन्सेक्स एका वर्षात निम्म्याहून अधिक घसरला होता. परतावा कोणाच्या हातात नसतो, पण खर्चाचा आकडा पैसे भरण्याआधी छापील मिळतो. पगारदार माणसाला आधीपासून ठरवता येईल अशी ही जवळपास एकमेव गोष्ट आहे.

नावडतीचे मीठ

एनपीएसमधल्या पेन्शन फंडांच्या शुल्काचे टप्पे निवृत्तिवेतन निधी नियामक प्राधिकरण, म्हणजे पीएफआरडीए, ठरवते. २०२१ पासून लागू झालेल्या रचनेत सांभाळलेल्या रकमेनुसार हे शुल्क वर्षाला ०.०९ टक्क्यापासून ०.०३ टक्क्यापर्यंत उतरत जाते. लाख रुपयांमागे नव्वद रुपयांपासून तीस रुपयांपर्यंत. खाते सांभाळणाऱ्या संस्थेचे आणि मालमत्ता जपणाऱ्या बँकेचे किरकोळ आकार वेगळे असतात, पण ते धरूनही जगातल्या स्वस्त पेन्शन व्यवस्थांत एनपीएसची गणना होते. डीसीपीएसच्या नावाने बोटे मोडणाऱ्या शिक्षकाच्या पदरात नकळत हा फायदा पडलेला आहे.

त्रुटी दुसरीकडे आहेत आणि त्या खऱ्या आहेत. सरकारी सभासदांचा पैसा मुख्यतः एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय यांच्या पेन्शन फंडांत वाटला जातो. त्यातला शेअर बाजारातला हिस्सा दीर्घकाळ १५ टक्क्यांवर अडवलेला होता. बाकीचा पैसा सरकारी रोखे आणि कंपन्यांच्या कर्जरोख्यांत. नोकरीची पस्तीस वर्षे पुढे असलेल्या पंचविशीतल्या शिक्षकासाठी हे प्रमाण फारच सावध म्हणावे लागेल. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना २०१९ पासून फंड आणि गुंतवणुकीचा साचा निवडण्याची मुभा मिळाली. वयाप्रमाणे शेअरचा हिस्सा आपोआप घटत जाणारे ‘लाइफ सायकल’ पर्याय त्यात आहेत. एलसी-५० मध्ये सुरुवातीला निम्मा पैसा शेअरमध्ये असतो आणि पस्तिशीनंतर तो उतरत जातो. ही मुभा आपल्या माणसांना द्यायची की नाही, हे राज्यांनी ठरवायचे. म्हणून शिक्षकाने सर्वांत आधी आपल्या ‘प्रान’ क्रमांकाचे, म्हणजे एनपीएसचे, खाते उघडून दोन गोष्टी पाहाव्यात: आपला पैसा कोणत्या साच्यात आहे आणि शासनाचा हिस्सा दर महिन्याला जमा होतो का. हिस्सा उशिरा जमा झाला तर मधल्या काळातली वाढ बुडते, आणि हे नुकसान कोणत्याही शुल्काच्या तक्त्यात दिसत नाही.

दुसरी अडचण निवृत्तीच्या दारात येते. साठाव्या वर्षी सरकारी सभासदाला जमलेल्या रकमेच्या किमान ४० टक्के रकमेची ॲन्युइटी विमा कंपनीकडून घ्यावी लागते. या वार्षिकीचे दर साधारण सहा-सात टक्क्यांच्या घरात असतात आणि बहुतेक प्रकारांत मिळणारी रक्कम आयुष्यभर तीच राहते. जुन्या पेन्शनशी तुलना इथेच बोचते, कारण तिथे महागाई भत्त्यासोबत पेन्शनही वाढते. सुधारित योजनेचा आणि एकीकृत योजनेचा सगळा जोर आहे तो हीच उणीव भरून काढण्यावर. नेमका कोणता पर्याय कोणाला लागू होतो, हे नेमणुकीची तारीख, शाळेचे अनुदान आणि त्या त्या वर्गासाठी निघालेला शासन निर्णय यांवर ठरते, त्यामुळे स्टाफरूममधल्या ऐकीव माहितीवर पर्याय भरून देणे धोक्याचे. हमी हवी की स्वतःच्या नावावरची रक्कम, हा निर्णय सेवेची किती वर्षे उरली आहेत यावरही अवलंबून आहे. निवृत्तीला चार वर्षे उरलेल्या मुख्याध्यापकांचे उत्तर आणि नव्याने कायम झालेल्या शिक्षकाचे उत्तर एकच असण्याचे कारण नाही.

मार्चमधल्या पावत्या

कपात वजा जाता हातात येणाऱ्या पगारातून होणारी बचत ही वेगळीच कथा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आयकराचा हिशेब करायला कार्यालयातला लिपिक ८०-सी च्या पावत्या मागू लागला, की शाळेत विम्याचे अर्ज फिरू लागतात. विकणारा परका नसतो. कोणा सहकाऱ्याचे यजमान, निवृत्त झालेले सर, गावातला माजी विद्यार्थी. नाही म्हणणे जड जाते. अशा रीतीने एकेका शिक्षकाच्या नावावर पाच-सहा एंडोमेंट किंवा मनीबॅक पॉलिसी जमतात. त्यातले विम्याचे संरक्षण पगाराच्या मानाने तुटपुंजे असते आणि परतावा साधारण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास राहतो. वरच्याच ५,००० रुपयांच्या हप्त्याला साडेपाच टक्के लावले तर पंचवीस वर्षांनी सुमारे ३२ लाख होतात. ०.२ टक्के खर्चाच्या फंडाच्या हिशेबातल्या ६४ लाखांच्या निम्मे.

ही तुलना सरळसोट नाही, हे मान्य करायला हवे. पॉलिसीत परताव्याची बरीच खात्री असते, फंडात नसते. पण खात्रीच हवी असेल तर सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, आहेच. एप्रिल २०२० पासून त्याचा दर ७.१ टक्के आहे, व्याज करमुक्त आहे आणि मध्ये दलालीही नाही. संरक्षणासाठी शुद्ध मुदत विमा घ्यावा. त्याचा हप्ता कितीतरी कमी असतो. दोन कामे दोन वेगळ्या साधनांकडे सोपवली, की प्रत्येकाचा खर्च उघडा पडतो. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली आहे आणि तिच्यात ८०-सी ची वजावटच नाही. तरीही ‘टॅक्स वाचतो’ म्हणून पॉलिसी घेणारे अजून आहेत. राज्य सरकार एनपीएसमध्ये घालते त्या १४ टक्क्यांची वजावट मात्र दोन्ही प्रणालींत मिळते.

म्युच्युअल फंडांतही ओळखीची किंमत मोजावी लागते. बाजार नियामक सेबीने ऑगस्ट २००९ मध्ये प्रवेश शुल्क बंद केले आणि १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत वितरकाशिवाय घेता येणारा ‘डायरेक्ट’ पर्याय देणे बंधनकारक केले. ‘रेग्युलर’ पर्यायात वितरकाचे कमिशन दरवर्षी फंडातूनच जाते, गुंतवणूक असेपर्यंत जात राहते. फंड तोच, व्यवस्थापक तोच, घेतलेले शेअरही तेच. फरक फक्त वाटेत कोण बसला आहे याचा. वितरक खरोखर सल्ला देत असेल, बाजार पडल्यावर घाबरलेल्या माणसाला थांबवत असेल, तर त्या पैशाचे काही मोल आहे. पहिल्या अर्जानंतर त्याचा फोनच आला नसेल, तर दरवर्षीचे कमिशन कशासाठी, हा प्रश्न उरतो.

इंडेक्स फंड हा या खर्चावरचा सर्वांत साधा उपाय. निफ्टीतल्या पन्नास कंपन्या त्यांच्या वजनानुसार घ्यायच्या आणि धरून ठेवायच्या. निवड करायला पगारी तज्ज्ञांचा ताफा लागत नाही, म्हणून मोठ्या इंडेक्स फंडांच्या डायरेक्ट पर्यायाचा खर्च ०.२ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. अमेरिकेत जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्डने १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा पहिला फंड काढला, तेव्हा त्याची थट्टा झाली होती. भारतात यूटीआयचा निफ्टी इंडेक्स फंड २००० सालापासून आहे. बड्या कंपन्यांत पैसे घालणारे व्यवस्थापित फंड दीर्घ मुदतीत निर्देशांकाच्या पुढे जायला धडपडतात, आणि त्यांच्या पायातली बेडी बहुतेकदा त्यांचा खर्चच असतो.

पतपेढी आणि पीएफ

शिक्षकांच्या पतपेढ्या आणि सहकारी बँका ही महाराष्ट्रातली जुनी व्यवस्था आहे. पगारातून थेट कपात, अडीअडचणीला लगेच कर्ज, वर्षाला लाभांश आणि संचालक मंडळावर ओळखीची माणसे. घर बांधताना, मुलीच्या लग्नात, आजारपणात तिने हजारो कुटुंबांना हात दिला. निवृत्तीसाठीची सगळी पुंजी मात्र तिथे ठेवणे वेगळे. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे कवच असते. पतसंस्थेतल्या ठेवींना ते कवच नाही. दर अर्धा-पाऊण टक्का जास्त दिसतो तो या जोखमीपोटी.

विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांतल्या शिक्षकांची गोष्ट आणखी निराळी. जुन्या-नव्या पेन्शनचा वाद त्यांच्यासाठी बहुतांशी दुसऱ्यांच्या घरातला आहे. अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक अनुदानाचे वीस, चाळीस टक्क्यांचे टप्पे मोजत मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसतात. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागूनही शाळेला शंभर टक्के अनुदान उशिरा मिळाले म्हणून जुन्या पेन्शनबाहेर राहिलेले शिक्षकही आहेत, त्यांचा लढा न्यायालयांत गेला. खाजगी शाळांना भविष्य निर्वाह निधी कायदा लागू आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांचा ईपीएफचा दर ८.२५ टक्के होता. प्रशासनाचा आकार मालक भरतो, त्यामुळे सभासदाच्या बाजूने हा जवळजवळ बिनखर्चाचा फंड आहे. अडचण खर्चाची नसून पगार किती दाखवला जातो याची आहे. अनेक संस्था कपात १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच करतात, त्यामुळे पगार वाढला तरी निधी वाढत नाही. ग्रॅच्युइटीसाठीही खाजगी शाळांतल्या शिक्षकांना वाट पाहावी लागली: २००९ च्या दुरुस्तीने त्यांना कायद्यात आणले आणि संस्थांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये फेटाळले.

अशा शिक्षकांना ईपीएफमध्ये स्वेच्छेने जादा रक्कम भरता येते. एनपीएसही २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. सरकारी सभासदाला सहसा न मिळणारी मोकळीक इथे आहे, साधा पर्याय घेतला तर ७५ टक्क्यांपर्यंत पैसा शेअरमध्ये ठेवता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून खाजगी सभासदांसाठी शंभर टक्के शेअरच्या नव्या योजना आल्या आहेत, पण त्यांना वर्षाला ०.३० टक्क्यापर्यंत शुल्क घेण्याची परवानगी आहे. म्युच्युअल फंडांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. जुन्या एनपीएस योजनांच्या तुलनेत तो कितीतरी पट आहे. एनपीएसमधला पैसा दीर्घकाळ मुख्यतः अडकून राहतो, हेही मोजायला हवे. पगार दोन-दोन महिने लांबणाऱ्या शाळेत शिकवणाऱ्याने सगळी शिल्लक तिथे कोंडून ठेवणे परवडणारे नाही.

अमेरिकेतले मास्तर

हा प्रश्न फक्त इथला नाही. अमेरिकेत १९५८ च्या कर कायद्याने ‘४०३-बी’ ही बचत योजना आणली आणि १९६१ मध्ये ती सरकारी शाळांतल्या शिक्षकांना खुली झाली. सुरुवातीला तिच्यात विमा कंपन्यांच्या ॲन्युइटीच घेता येत; म्युच्युअल फंडांना १९७४ मध्ये दार उघडले. त्याच वर्षी खाजगी कंपन्यांच्या पेन्शन योजनांवर देखरेख ठेवणारा कडक कायदा आला, पण सरकारी शाळा त्यातून वगळल्या गेल्या. परिणाम असा, की कंपनीतल्या नोकराला मालकाने पारखलेली यादी मिळते आणि शाळेतल्या मास्तरांपुढे डझनावारी विक्रेते उभे राहतात. त्यांतले अनेक शिक्षकखोलीत खाऊ घेऊन येतात आणि वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त खर्चाच्या, मध्येच मोडल्यास दंड लावणाऱ्या ॲन्युइटी विकून जातात. जुलै २०२० मध्ये तिथल्या बाजार नियामकाने दोन प्रकरणांत व्हॅलिक या कंपनीच्या सल्लागार शाखेवर कारवाई केली. फ्लोरिडातल्या शिक्षक संघटनांच्या मालकीच्या कंपनीला शिफारशीच्या बदल्यात दिलेले पैसे शिक्षकांपासून लपवल्याचा ठपका त्यातल्या एका प्रकरणात होता. मिळून सुमारे ४ कोटी डॉलर भरावे लागले.

कॅलिफोर्नियाने त्याआधीच वेगळा मार्ग धरला होता. २००२ च्या कायद्याने शिक्षकांना ४०३-बी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपली शुल्के राज्य शिक्षक पेन्शन संस्थेच्या तुलना-यादीत जाहीर करावी लागतात. महागड्या योजना त्याने बंद झाल्या नाहीत. पण कोण किती घेतो, हे कोणत्याही शिक्षकाला विकणाऱ्याला न विचारता पाहता येऊ लागले, आणि शिक्षकांनीच चालवलेल्या जागृतीच्या चळवळींना हाताशी आकडे मिळाले.

महाराष्ट्रातल्या शिक्षक संघटनांनी हमीसाठी सात दिवसांचा संप केला आणि काही पदरात पाडूनही घेतले. खर्चाबाबत त्यांच्या मागण्या याहून सोप्या असू शकतात: शासनाचा हिस्सा उशिरा जमा झाल्यास त्या काळाची भरपाई, फंड आणि साचा निवडण्याची केंद्राच्या कर्मचाऱ्यांना आहे तशी मुभा, आणि वर्षअखेरीच्या हिशेबात शुल्कापोटी गेलेली रक्कम टक्क्यांऐवजी रुपयांत. पतपेढीच्या वार्षिक सभेत संचालकांच्या भत्त्यावर तासभर वाद घालणाऱ्या सभासदांना त्या रुपयांच्या रकान्याचे काय करायचे, हे शिकवावे लागणार नाही.